पवई ते ऐरोली : पेटंटचा अर्धवट प्रवास

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार १९’ या उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करून कर्करोगाची पेशी ओळखायला त्यांना शिकवायचे, त्या वाढवायच्या आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, अशी ही कार-टी उपचारपद्धती. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत, इतर उपाय थकल्यावर, ती वापरतात. आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत मूळ काम झाले, टाटा मेमोरियलच्या खारघरमधील ॲक्ट्रेक केंद्रातल्या डॉक्टरांनी ते रुग्णांपर्यंत नेऊन तपासले आणि २०१८ मध्ये स्थापन झालेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीने त्याचे उत्पादन नवी मुंबईत उभे केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. याच प्रकारचा अमेरिकेतला पहिला उपचार पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जन्मला, नोव्हार्टिस कंपनीने तो परवान्यावर घेतला आणि २०१७ मध्ये पावणेपाच लाख डॉलर किमतीला बाजारात आणला. म्हणजे तीन कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडचा उपचार साधारण तीस ते चाळीस लाखांत मिळू लागला. ही रक्कमही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि त्याकडे पुढे वळावेच लागेल. पण सरकारी पैशातून चाललेल्या प्रयोगशाळेतले काम परवान्याच्या कागदावरून खाडी ओलांडून कारखान्यात कसे पोहोचते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मुंबई परिसरात दुसरे क्वचितच सापडेल.

दुसरे एक आहे. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ मध्ये सुरू केलेली आणि संस्थेच्या ‘साइन’ या उद्योगसंवर्धन केंद्रात वाढलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन बनवणारी कंपनी. तिचे मुख्यालय महापे औद्योगिक वसाहतीत आहे. जानेवारी २०२१ मध्ये तिला लष्कराची मोठी मागणी मिळाली आणि २०२३ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. ही दोन नावे घेतली की यादी लवकर आटोपते, आणि मला सलते ते हेच. ठाणे खाडीच्या पूर्व काठाने दिघ्यापासून नेरुळपर्यंत पसरलेली टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत देशातल्या जुन्या आणि मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. ऐरोली तिच्या उत्तरेच्या तोंडाशी बसलेली. एमआयडीसीने १९६० च्या दशकात ही जमीन उद्योगांसाठी घेतली तेव्हा इथे रसायनांचे कारखाने आले, नोसिलसारखे मोठे पेट्रोकेमिकल प्रकल्प आले. पुढे त्यांतले बरेच बंद पडले किंवा हलले, त्या जमिनींवर माइंडस्पेससारखी आयटी संकुले उभी राहिली आणि आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती वाढत आहेत. तरीही रबाळे, घणसोली, महापे, पावणे या पट्ट्यात औषधांची मूळ द्रव्ये, रंगद्रव्ये, विद्युत उपकरणे, सुटे भाग बनवणारे असंख्य लहान-मध्यम कारखाने आजही चालतात. ऐरोलीत दत्ता मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघरपर्यंत अशी आणखी कितीतरी महाविद्यालये आहेत. आणि १९९९ पासून ऐरोलीच्या पुलाने पवई इतकी जवळ आली आहे की सकाळी प्रयोगशाळेतून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी रबाळ्याच्या कारखान्यात पोहोचू शकतो. ज्ञान इथे आहे, कारखाना तिथे आहे, मध्ये रस्ता आहे. मग त्या रस्त्यावरून इतके कमी का येते?

माझे म्हणणे असे, की विद्यापीठाच्या पेटंटकडे आपण चुकीच्या नजरेने पाहतो. कोणाला ते मानाचे बिरुद वाटते, कोणाला उत्पन्नाचे साधन. मुळात ती एक सोय आहे. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट विकण्याजोगी करायला कारखानदाराला कोट्यवधी रुपये आणि चार-पाच वर्षे घालावी लागतात. तो पैसा घातल्यावर शेजारच्या गाळ्यातल्याने दुसऱ्या दिवशी तीच वस्तू नक्कल करून स्वस्तात विकली तर पहिला माणूस तोट्यात जातो, म्हणून तो पैसा घालतच नाही. वीस वर्षांची मुदत असलेले पेटंट आणि त्यावरचा परवाना त्याला तेवढी ऊब देतात. परवाना झाला नाही तर पेटंट हा सरकारदरबारी नोंदवलेला एक कागद उरतो, ज्याचे नूतनीकरण शुल्क तिसऱ्या वर्षापासून भरत राहावे लागते. म्हणून विद्यापीठाचे यश मोजायचे असेल तर परवाने मोजावे लागतील, आणि परवाने वाढवायचे असतील तर पैसा पेटंटच्या अर्जांवर न घालवता अर्ज आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यावर घालावा लागेल. आज आपण नेमके उलटे करत आहोत.

आकडे पाहू. २०२३-२४ या वर्षात भारतीय पेटंट कार्यालयाकडे ९२ हजारांवर अर्ज आले आणि एक लाख तीन हजारांच्या आसपास पेटंटे मंजूर झाली. कार्यालयाची तुंबलेली कामे निघाली, तपासनीस वाढले, ही चांगलीच गोष्ट. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ऐंशी टक्के सवलत मिळते, तीही योग्यच. पण केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या संस्था-क्रमवारीत पेटंटसाठी गुण ठेवले गेले, आणि ते प्रकाशित झालेल्या व मंजूर झालेल्या पेटंटना. प्रकाशित होणे म्हणजे काय, हे वाचकांनी समजून घ्यावे. अर्ज दाखल झाल्यावर अठरा महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप छापला जातो. जादा शुल्क भरून विनंती केली तर साधारण महिन्याभरात छापला जातो. त्यात नवे काही आहे का, ते उपयोगाचे आहे का, याची तपासणी तोवर झालेली नसते. म्हणजे ज्याची गुणवत्ता कोणीही तपासलेली नाही अशा कागदालाही क्रमवारीत वजन येते. शिकवण्याच्या ओझ्याखाली असलेल्या प्राध्यापकाला ‘यंदा दोन पेटंटे दाखवा’ असे सांगितले की तो दोन अर्ज करतो. त्याचा दोष नाही. आपण जे मोजतो तेच पिकते.

हे नव्याने उमगलेले नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी संशोधन यंत्रणेने, सीएसआयआरने, ते स्वतःच्या अनुभवातून शिकून घेतले आहे. पेटंटांचे व्यापारीकरण करण्यासाठी तिने २०११ मध्ये सीएसआयआर-टेक ही स्वतंत्र कंपनी काढली. काही वर्षांतच निधीअभावी तिचे काम थांबले. त्याच सुमारास तेव्हाचे महासंचालक गिरीश साहनी यांनी आपल्या प्रयोगशाळांना बजावले की बरीच पेटंटे शास्त्रज्ञांचा बायोडेटा सजवण्यासाठी काढली जात आहेत. ‘बायोडेटा पेटंट’ हा त्यांचाच शब्द. हळदीच्या गुणधर्मावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेले अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेणारी संस्था तीच. पेटंटचे मोल तिला कळत नव्हते असे कोण म्हणेल? तिथेही मोजमाप घसरले, तर लहान महाविद्यालयात काय होत असेल याचा अंदाज करावा.

आता मधला टप्पा म्हणजे नेमके काय, ते ऐरोली-रबाळ्याच्या मातीतल्या उदाहरणाने पाहू. समजा एखाद्या प्राध्यापकाने एक नवा उत्प्रेरक शोधला, ज्यामुळे एका मूळ औषधी द्रव्याची अभिक्रिया कमी तापमानाला होते आणि वाया जाणारा माल कमी होतो. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या चंबूत ते उत्तम चालते. कारखान्यातल्या भट्टीचे पोट दोन हजार लिटरचे असते. चंबूतली उष्णता काचेतून भराभर बाहेर जाते, मोठ्या भांड्यात आकारमान जितके वाढते त्या मानाने पृष्ठभाग वाढत नाही, म्हणून उष्णता आत साचते आणि अभिक्रिया हाताबाहेर जाऊ शकते. ढवळणे सगळीकडे सारखे होत नाही. उत्प्रेरक गाळून परत वापरता येतो का, पाचव्या वेळी त्याची ताकद किती उरते, हे चंबूत कोणी पाहिलेले नसते. प्रयोगशाळेत शुद्ध कच्चा माल वापरलेला असतो, कारखान्याला बाजारातला येतो. विद्रावक परत मिळवायचा खर्च, वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला चालेल असे सांडपाणी, ग्राहक कंपनीला मान्य होईल इतकी कमी अशुद्धी, या सगळ्याची उत्तरे पन्नास-शंभर लिटरच्या चाचणी संयंत्रात शोधावी लागतात. त्याला जागा लागते, रसायन अभियंता लागतो, वर्ष-दीड वर्ष लागते आणि रुपये लागतात. प्राध्यापकाकडे ते नाहीत, कारण संशोधनाचे अनुदान शोधनिबंध निघाला की संपते. लहान कारखानदाराकडे ते नाहीत, कारण त्याची सगळी पत खेळत्या भांडवलात अडकलेली असते आणि ‘चालेल की नाही ते माहीत नाही’ अशा गोष्टीसाठी बँक कर्ज देत नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत. परवाना होत नाही, कारण या दोघांमधली दीड वर्षे कोणाचीच नाहीत.

कार-टी उपचार इथून पार पडला तो कसा, हे पाहिले की खर्चाची कल्पना येते. संशोधनाला आणि चाचण्यांना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून आणि त्याच्याच बायरॅक या संस्थेकडून सार्वजनिक पैसा मिळाला. रुग्णांवरच्या चाचणीसाठी टाटा मेमोरियलसारखे सार्वजनिक रुग्णालय उभे होते. पहिल्या रुग्णाला जून २०२१ मध्ये उपचार दिला गेला. मग २०२१ च्या अखेरीस लॉरस लॅब्स या औषध कंपनीने इम्युनोॲक्टचा चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा सुमारे ४६ कोटींना घेण्याचे ठरवले. खासगी पैसा आला, पण सार्वजनिक पैशाने सर्वांत अनिश्चित वाट तुडवून झाल्यावर. हा क्रम कोणत्याही देशात थोड्याफार फरकाने असाच असतो.

आपल्याकडे उद्योगाशी नाते जमवणारी संस्थाच नव्हती असेही नाही, आणि इथे माटुंग्याचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही यूडीसीटी, १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. गिरण्यांच्या शहराला रंग आणि कापडाचे रसायनशास्त्र जाणणारी माणसे हवी होती, त्या गरजेतून. आजची रसायन तंत्रज्ञान संस्था तीच. तिथून केकी घरडा बाहेर पडले आणि त्यांनी घरडा केमिकल्स उभी केली, डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे अंजी रेड्डी तिथलेच. रघुनाथ माशेलकर तिथलेच. प्रा. मनमोहन शर्मा यांच्यासारखे शिक्षक कारखान्यांना सल्ला देत, तिथल्या अडचणी वर्गात आणत, विद्यार्थ्याला त्यांवर पीएचडी करायला लावत. पेटंटचा गाजावाजा नव्हता, पण कारखान्याचा प्रश्न आधी आणि संशोधन नंतर ही शिस्त होती. १९७२ पासून २००५ पर्यंत औषधांच्या बाबतीत आपल्या कायद्याने फक्त प्रक्रियेला पेटंट दिले, वस्तूला नाही. नवी प्रक्रिया शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञाला तेव्हा आपोआप किंमत आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एसीसी आणि बडोद्याची आयपीसीएल यांच्यासोबत ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात प्रत्यक्ष संयंत्रात उतरवला. १९८९ नंतर माशेलकर संचालक झाल्यावर त्याच प्रयोगशाळेने अमेरिकी पेटंटे काढायला सुरुवात केली आणि पॉलिकार्बोनेटच्या कामाकडे पाहून जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी तिच्याकडे आली. दोन्ही ठिकाणी आधी भरवसा होता, मग कागद. आज आपण कागदापासून सुरुवात करतो, आणि भरवसा त्यातून उगवेल अशी आशा धरतो.

अमेरिकेचे नाव या विषयात नेहमी घेतले जाते. डिसेंबर १९८० मधल्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना दिली, आणि तिथून सारे घडले अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपले परवाना कार्यालय १९७० मध्येच, म्हणजे कायद्याच्या दहा वर्षे आधी उघडले होते. कोहेन आणि बॉयर यांच्या जनुक जोडण्याच्या तंत्राचे पेटंट त्या कार्यालयाने एका कंपनीला न विकता मागेल त्याला दिले. सुरुवातीच्या परवानाधारकांसाठी वार्षिक शुल्क दहा हजार डॉलर इतके माफक होते. शेकडो कंपन्यांनी ते घेतले आणि पेटंट संपेपर्यंत त्यातून पंचवीस कोटी डॉलरहून अधिक जमले. एक नवा उद्योग त्यावर उभा राहिला. आणि तरीही, अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांना परवान्यांच्या कमाईतून त्या कार्यालयाचा खर्चसुद्धा भरून निघत नाही, हे तिथल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवले आहे. आपल्या कुलगुरूंनी हे आधी ऐकायला हवे. आपल्या सरकारने २००८ मध्ये राज्यसभेत आणलेले सार्वजनिक निधीतील बौद्धिक संपदेचे विधेयक त्या कायद्याच्या धर्तीवर होते. संशोधकाला रॉयल्टीतला किमान तीस टक्के वाटा द्यावा, अशी चांगली तरतूदही त्यात होती. पण मालकी कोणाची यावर पानेच्या पाने, आणि परवाना कोण, कोणत्या पैशांनी घडवून आणणार यावर जवळजवळ काहीच नाही, अशी त्याची घडण होती. बरीच टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. मला त्याबद्दल हळहळ नाही.

माझ्या या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप तत्त्वाचा आहे. लोकांच्या करातून झालेले संशोधन लोकांचे. ते छापा, सर्वांना मोकळे ठेवा, एखाद्या कंपनीच्या हाती का द्यायचे? या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे. गणिताचा सिद्धान्त, हवामानाची नोंद, पिकाच्या वाणाची माहिती मोकळीच हवी. पण जिथे शोध आणि वापर यांच्यामध्ये कोट्यवधींचा धोका उभा आहे, तिथे मोकळे ठेवलेले ज्ञान बहुधा पडून राहते, किंवा ज्याच्याकडे भांडवल आहे अशा परदेशी कंपनीच्या उपयोगी पडते. नुसता शोधनिबंध छापून टी पेशींचा उपचार नवी मुंबईत तयार झाला नसता. म्हणून प्रश्न परवाना द्यायचा की नाही हा राहत नाही. कोणत्या अटींवर द्यायचा हा आहे. आणि इथे आपण खरोखर कच्चे आहोत. कोव्हॅक्सिन या कोविडच्या लशीच्या बाबतीत आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेचे काम पायाला होते. भारत बायोटेककडून आयसीएमआरला रॉयल्टी मिळाली. जानेवारी २०२२ पर्यंत ती १७१ कोटींहून अधिक झाल्याचे लोकांना संसदेतल्या उत्तरातून कळले. तरी लशीच्या पेटंट अर्जांत आयसीएमआरचे नाव सहमालक म्हणून आधी नव्हतेच, ते जून २०२४ मध्ये घातले गेले. देशातली सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्था करारानंतर चार वर्षे या अवस्थेत असेल, तर करार लिहिणारी जाणती माणसे आपल्याकडे किती थोडी आहेत हे उघड होते.

अटी म्हणजे कोणत्या? ठरावीक वर्षांत उत्पादन सुरू झाले नाही तर परवाना संपेल. एका उपयोगापुरताच एकाधिकार, बाकीचे उपयोग विद्यापीठाच्या हाती. शिकवण्यासाठी आणि पुढच्या संशोधनासाठी तंत्र सदैव खुले. आणि आरोग्याच्या बाबतीत, सरकारी रुग्णालयांतल्या ठरावीक टक्के रुग्णांसाठी वेगळी किंमत. तीस-चाळीस लाखांचा उपचार सार्वजनिक प्रयोगशाळेतून आणि सार्वजनिक रुग्णालयातून वर आला असेल, तर अशी अट मागण्याचा हक्क लोकांना आहे. ती मागण्याची योग्य वेळ करारावर सही होते तीच. नंतर कायद्याच्या बळावर किंमत खाली आणणे किती अवघड असते ते आपण पाहिले आहे. २०१२ मध्ये बायर कंपनीच्या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटकोला सक्तीचा परवाना मिळाला, महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. २००५ मध्ये औषधाच्या वस्तूलाही पेटंट मिळू लागल्यानंतर दिलेला तो एकमेव सक्तीचा परवाना आहे.

दुसरा आक्षेप उद्योगांकडे बोट दाखवतो. भारतातला संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा जेमतेम छत्तीस टक्के. घेणाराच नाही तर परवाना द्यायचा कोणाला? आक्षेप खरा आहे, पण उद्योगपतींना बोल लावून सुटण्यासारखा नाही. कंपनीच्या संशोधन खर्चावर पूर्वी आयकरात दोनशे टक्के वजावट मिळे. एप्रिल २०१७ पासून ती दीडशे टक्के झाली आणि एप्रिल २०२० पासून शंभर टक्क्यांवर आली, म्हणजे विशेष सवलत संपली. राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देणाऱ्याची जादा वजावटही तशीच गेली. शैक्षणिक संस्थांना मिळणाऱ्या संशोधन अनुदानांवर वस्तू व सेवा कर लागतो की नाही, हा घोळ सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सूट दिली तेव्हा मिटला. आता २०२३ चा राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायदा आहे, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने एक लाख कोटींची संशोधन-विकास योजना मंजूर केली. ती प्रयोगशाळेच्या पुढच्या टप्प्यांसाठी आहे, म्हणजे दिशा बरोबर आहे. माझी शंका वेगळी आहे. एवढ्या मोठ्या योजनांचा पैसा मोठ्या हातांनीच उचलला जातो. रबाळ्यातल्या चाळीस कामगारांच्या कारखान्याला चाळीस लाख हवे असतात, आणि त्या रकमेची खिडकी कुठेच नसते.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. शिकवणे हे आमचे काम. त्यात व्यापार घुसला की वर्ग ओस पडतील, विद्यार्थी कंपनीच्या फुकटच्या कामाला जुंपले जातील. ही भीती खोटी नाही. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या धोरणाने प्राध्यापकाला स्वतःची कंपनी काढायला, त्यासाठी रजा घ्यायला आणि संस्थेला त्यात २ ते ९.५ टक्के भाग घ्यायला वाट दिली आहे. पण विद्यार्थ्याच्या कामाची मालकी कोणाची, प्रबंधाचे प्रकाशन किती काळ रोखता येईल, हे प्रत्येक संस्थेने आधी लिहून जाहीर करायला हवे. अर्ज दाखल होईपर्यंत काही आठवडे थांबणे समजू शकते, कारण आधी छापले तर नावीन्य जाते आणि पेटंट बाद होते. वर्षभर थांबवणे मान्य होऊ नये. आणि प्राध्यापकाने विक्रेता व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. उलट, त्याच्या डोक्यावरून हे काम काढून ज्याचा तो पेशा आहे अशा माणसाकडे द्यावे, हाच माझा आग्रह आहे.

लहान महाविद्यालयाला असा माणूस परवडणार कसा? एकट्याला नाहीच परवडणार. वर्षाला एखादा खरा शोध निघणाऱ्या संस्थेने स्वतंत्र कक्ष उघडला तर तिथे अर्ज भरणारा कारकून बसेल, आणि पुन्हा आकडेच वाढतील. पण पुण्यात याचे उत्तर आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरने बायरॅकच्या मदतीने ‘टेकएक्स’ हे सामायिक तंत्रज्ञान हस्तांतरण केंद्र चालवले आहे. अनेक संस्थांच्या शोधांची छाननी, मूल्यमापन, परवान्याची बोलणी एकाच ठिकाणी. मद्रासच्या आयआयटीने २०१० पासून संशोधन संकुल चालवताना आणखी एक शहाणी अट घातली: तिथे जागा घेणाऱ्या कंपनीने संस्थेतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांसोबत काम करून ठरावीक गुण मिळवलेच पाहिजेत. नुसते भाडे देऊन चालत नाही.

या दोन कल्पना एकत्र करायला ऐरोलीइतकी सोयीची जागा मला दिसत नाही. एका अंगाला पूल आणि पलीकडे पवई, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्यावरची वसाहत, दक्षिणेला खारघरपर्यंतची महाविद्यालये आणि रुग्णालये. एमआयडीसीने आपल्या ताब्यातला एखादा बंद गाळा द्यावा, त्यात पन्नास ते दोनशे लिटरचे दोन-तीन चाचणी संच आणि एक विद्युत चाचणी कक्ष उभारावा. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी मिळून चार-पाच अनुभवी माणसे नेमावीत, शक्यतो कारखान्यात वीस वर्षे काढलेली. अशी निवृत्त माणसे ऐरोली, वाशी, ठाण्यात घरोघर आहेत. त्यांचे पहिले काम महाविद्यालयांत शोध धुंडाळण्याचे असू नये. आधी त्यांनी वसाहतीत फिरावे, दोनशे कारखान्यांच्या अडचणी लिहून आणाव्यात, आणि त्या यादीवर अंतिम वर्षाचे प्रकल्प, एम.टेक., पीएचडी लावावीत. माटुंग्याची शिस्त तीच होती. लहान कारखान्याला पहिली दोन वर्षे परवाना नाममात्र शुल्कात द्यावा, माल विकला जाऊ लागल्यावरच रॉयल्टी घ्यावी. या केंद्राला दहा वर्षांत नफा होणार नाही, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे, म्हणजे तिसऱ्या वर्षी कोणी तोट्याचा हिशेब मांडून ते बंद करणार नाही. सीएसआयआर-टेकचे झाले ते इथे होऊ नये.

यातले बरेच सरकारच्या आणि विद्यापीठाच्या हातात आहे, त्याला वेळ लागेल. एक गोष्ट मात्र यंदाच्या प्रवेशाआधी होऊ शकते. पेटंट कायद्याप्रमाणे मालकाला ‘नमुना २७’ भरून आपले पेटंट वापरात आहे की नाही, नसेल तर का नाही, हे कार्यालयाला कळवावे लागते. मार्च २०२४ पासून तीन आर्थिक वर्षांतून एकदा. म्हणजे ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाकडे असतेच. ज्या माहितीपुस्तिकेत ‘आमची पेटंटे’ म्हणून आकडा छापतात, त्याच पानावर शेजारी आणखी तीन रकाने छापावेत: किती पेटंटांवर परवाने झाले, कोणत्या कारखान्याने घेतले, आणि त्यातून आज काय बनते. पहिली काही वर्षे त्या रकान्यांत शून्ये दिसतील. ती छापावीत. मुलीला ऐरोलीच्या महाविद्यालयात घालणाऱ्या पालकाला आणि समोरच्या रस्त्यावरच्या कारखानदाराला, दोघांनाही ती पाहता यावीत.